पाण्याचा वार

अकरा वर्षं मी दुसऱ्यांच्या घरांवर सह्या केल्या.
सर्च रिपोर्ट, एनए, गुंठेवारी असेल तर परत पाठव,
पगारपत्रकं तीन महिन्यांची.
जालन्याच्या शाखेत लोक पेढे घेऊन यायचे,
विचारायचे, मॅडम, तुमचं कुठंय घर?
भाड्याचं, संभाजीनगरला, सिडकोत, म्हणायचे मी,
आणि पेढा खाऊन टाकायचे.

आता रविवारी, स्कूटी धुऊन,
आम्ही दोघं बायपासच्या पलीकडं जातो
जिथं रस्त्यांना झाडांची नावं दिलीत
आणि झाडं कुंड्यांत आहेत,
जिथं कुत्र्यांशीसुद्धा इंग्रजीत बोलतात
आणि कुत्री ऐकतात.

नईमभाई एजंट. खिशात सोळा किल्ल्या, तोंडात वेलदोडा.
'या गल्लीतली नऊ घरं माझ्या हातानं गेली, मॅडम.
मला मात्र त्यातलं एक बी कुणी देणार नाही,'
हसत सांगतो, हवामान सांगावं तसं.
'फोनवर तुमचं पहिलं नावच सांगितलंय मी.
उत्पला. फुलाचं नाव. पुढचं तुम्ही बघा.'

पहिलं घर कालच गेलं होतं.
'विकणे आहे'ची पाटी अजून आहे तिथं,
मी मुद्दाम वाट वाकडी करून बघते.
दुसऱ्या घरात चहा मिळाला,
पूजेची खोली दाखवता दाखवता बाई थबकल्या,
'कळवतो आम्ही.'
त्यांचं कळवणं अजून रस्त्यातच आहे.

तिसरं परांडेकरांचं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त,
मुलगा कॅनडात, गुडघे जिन्याला कंटाळलेले.
त्यांनी झुंबर दाखवलं नाही.
थेट मागं नेलं, वाकून लोखंडी झाकण उचललं.
'आडनाव?'
'सोनकांबळे.'
ते टाकीत बघत राहिले.
आत अंधार, तळाशी हातभर पाणी
आणि त्यात आमची तिघांची डोकी.
'बारा हजार लिटर,' म्हणाले शेवटी.
'नळ आठव्या दिवशी. कधी नवव्या.
कितीही पैसा असू द्या, रात्री दोनला उठायचं.'

संध्याकाळी दोन लाख वाढले.
आडनावाचे की टाकीचे,
नईमभाईनं विचारलं नाही, मीही नाही.
अर्जदाराच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिताना
पेन दोनदा अडलं.
शेवटचा हप्ता निवृत्तीच्या एक महिना आधी.

किल्ल्यांबरोबर त्यांनी एक वही दिली,
शहाण्णव सालापासूनची,
पाणी आलेल्या प्रत्येक रात्रीची: वार, वेळ, दाब.
एका पानावर फक्त एवढंच,
'सुमन गेली. पाणी साडेतीनला.'

राहायला आलो त्याच्या सहाव्या रात्री
नळाला पाणी आलं आणि गेट वाजलं.
गाउनवर शाल घेतलेल्या शेजारच्या बियाणीभाभी,
'मोटार जळाली हो आमची. तुमच्याकडून पाइप टाकू का?'
भिंतीवरून हिरवा पाइप आला,
मी आमच्या मोटारीला जोडला,
आणि आम्ही दोघी भिंतीच्या अलीकडं-पलीकडं
पाणी पडल्याचा आवाज ऐकत उभ्या.
चारच्या सुमाराला त्यांनी विचारलंच,
'मूळचे कुठले तुम्ही?'
'उदगीर.'
'नाही, म्हणजे...'
मोटारीचा आवाज फार होता.

सकाळी आई म्हणाली, रात्री काय चाललं होतं?
म्हटलं, शेजारच्यांना पाणी दिलं.
'आपल्या टाकीतलं?'
'आपल्या.'
'घेतलं त्यांनी?'
'दोन हजार लिटर.'
ती काही बोलली नाही. उठून मागं गेली,
झाकण काही उचलेना तिला,
तर त्यावरच बसली
आणि चहा तिथंच मागितला.

परांडेकरांच्या अक्षराखाली मी लिहिलं:
मंगळवार. दोन दहा. दाब कमी.